कटर घेताना चौघांना विचारा. पण काय विचारायचे ते आधी ठरवा



मनोरीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मनोरी म्हणजे मुंबईच्या उपनगरातले, मार्वेच्या खाडीपलीकडचे गाव. तिथे अजून वाड्या आहेत, माड आहेत, ताड आहेत, आंबे आहेत. या ताईंच्या घरची पुरुष माणसे होडीवर असतात. वाडी त्या स्वतः, सासरे आणि धाकटा दीर अशी तिघे मिळून सांभाळतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले, तेव्हा त्यांच्या वाडीतले माड आडवे झाले आणि एक तर गोठ्यावर पडला. लाकूड कापायचे मशीन असलेला माणूस मिळायला बरेच दिवस गेले. आता घरचेच मशीन घ्यावे असा त्यांचा विचार आहे. त्या लिहितात, "भाऊ, चार माणसांना विचारले तर चार मते मिळाली. एक म्हणतो अमुक मशीन सोन्यासारखे आहे, दुसरा म्हणतो तेच मशीन भंगारात घाला. ऐकायचे कोणाचे?"

प्रश्न एकट्या मनोरीचा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, त्यानंतर कोकणात घरोघरी हीच चर्चा झाली. देशावरही बांधावरची बाभूळ, सुबाभूळ, जुनी डाळिंबे आणि संत्र्याची वाळलेली झाडे काढायला हे मशीन आता सर्रास वापरतात. कोणी त्याला चेन सॉ म्हणते, कोणी वूड कटर, कोणी नुसते कटर. आपण कटरच म्हणू.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खरीच आहे. पण जनाचे ऐकायचे कसे, हे त्या म्हणीत सांगितलेले नाही. आज तेवढेच पाहू.

एकाच मशीनबद्दल दोन मते का?

कारण दोघांचे काम वेगळे असते. देशावरच्या शेतकऱ्याने वाळलेली बाभूळ कापली आणि किनाऱ्यावरच्या बागायतदाराने ओला माड कापला, तर दोघे एकाच मशीनची दोन चरित्रे सांगतील, आणि दोघेही खरे बोलत असतील.

माडाचे खोड इतर झाडांसारखे नसते. आंब्याच्या किंवा सागाच्या खोडात वर्षावर्षाची वलये असतात आणि आत पक्का गाभा असतो. माडात उलटे असते. बाहेरचे कडे आणि बुंध्याकडचा भाग सर्वांत कठीण, आणि आतला भाग मऊ व ओला. बाहेरच्या कड्यातील राठ धागे आणि सालीच्या खाचांत वाऱ्याने येऊन बसलेली वाळू, ही दोन्ही मिळून साखळीची धार लवकर मारतात. ओले धागे साखळीच्या दातेरी चाकाशी गुंततात ते वेगळेच. म्हणून मनोरीच्या ताईंनी पहिला प्रश्न विचारायचा तो हा: "तुम्ही कापले काय?" माड कापणाऱ्याचे मत त्यांच्यासाठी रुपया आहे, बाभूळ कापणाऱ्याचे आठ आणे, आणि मशीन नुसते दुकानात पाहून आलेल्याचे शून्य.

किती दिवस वापरले?

आम्ही शेतकी खात्यातली माणसे पीक कापणी प्रयोग घेतो. त्यात शेताच्या मालकाला विचारून चांगला तुकडा निवडत नाही. आकड्यांवरून तुकडा ठरवतो, मापतो, कापतो आणि वजन करतो. या पद्धतीला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांमध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग सुखात्मे यांचे नाव मोठे आहे. त्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. कारण कडेवरची ताटे आत धरायची की बाहेर, या घोळात ती आत धरली जातात, आणि तुकडा जितका लहान तितकी कड मोठी.

मताचेही असेच आहे. तुकडा लहान की मत फुगते. मशीन आणून आठवडा झालेला माणूस कौतुकच करणार. साखळी नवी, धार कारखान्याची, प्लग स्वच्छ, आणि नुकतेच पैसे मोजलेले. 'आपला तो बाब्या' हे मशीनलाही लागू आहे. म्हणून ज्याने मशीनवर निदान एक पावसाळा काढला आहे आणि एकदा तरी साखळी बदलली आहे, त्याचेच मत धरा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्याचे मशीन पडवीत धूळ खात पडले आहे किंवा ज्याने ते विकून टाकले आहे, त्याला शोधून विचारा. वापरणारे सगळे समाधानी दिसतात, कारण असमाधानी माणूस वापरायचा थांबलेला असतो.

मालकाला वेगळे विचारा, चालवणाऱ्याला वेगळे

मालकाला बिले ठाऊक असतात. सुटे भाग किती दिवसांत आले, मेकॅनिकने किती घेतले, हे तो सांगेल. पण दिवसभर हातात धरून संध्याकाळी बोटे बधिर होतात का, हे चालवणाराच सांगेल. रोजाने कटर चालवणाऱ्या माणसाने चार-पाच बनावटींची मशीने हाताळलेली असतात. त्याला चहा पाजा आणि ऐका. विक्रेत्याचेही ऐका, पण त्याला फक्त वॉरंटी, सुटे भाग आणि दुरुस्ती एवढेच विचारा.

आधी सुरक्षितता. इथे गुण नाहीत

बाकी गोष्टींना कमी-जास्त गुण देता येतील. सुरक्षिततेला मात्र दोनच उत्तरे आहेत, पास किंवा नापास. खालीलपैकी एका गोष्टीलाही 'नाही' उत्तर आले तर ते मशीन कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

१. साखळीचा ब्रेक आहे का, आणि ब्रेक लागताच साखळी जागच्या जागी थांबते का?

२. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन मंद चालू असताना साखळी पूर्ण थांबून राहते का?

३. थ्रॉटलला कुलूप, म्हणजे मागच्या मुठीवरची पट्टी दाबल्याशिवाय थ्रॉटल न दबण्याची सोय आहे का?

४. साखळी तुटली तर तिला अडवणारा आकडा खाली आहे का?

५. बंद करण्याचे बटण मूठ न सोडता अंगठ्याने दाबता येते का?

ब्रेकचे महत्त्व नीट समजून घ्या. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की साखळी लाकडात धरली जाते आणि सगळे मशीन क्षणात वर व मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उडते. याला उलटा झटका म्हणू. हा झटका डोळ्याचे पाते लवायच्या आत येतो. त्या वेळी माणसाला काही करायला सवड नसते, जे करायचे ते ब्रेकच करतो. तेव्हा "ब्रेक कशाला लागतो, मी दहा वर्षे बिनब्रेकचे चालवतो" असे सांगणाऱ्याचे मत आदराने ऐका आणि तिथेच सोडून या.

मग गुण देण्याच्या सहा कसोट्या

पहिली कसोटी, सुरू होणे. विचारताना असे विचारा: "चार महिने पडून राहिल्यावर दोरीच्या किती ओढींत सुरू झाले?" आणि "तापलेले असताना बंद केले तर पुन्हा लगेच सुरू होते का?" रोज वापरणाऱ्याला याचे महत्त्व वाटत नाही, पण वाडीवाल्याचे मशीन वर्षातले बहुतेक दिवस खुंटीला असते आणि वादळ तारीख सांगून येत नाही. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओल धरते. टाकीत पेट्रोल तसेच ठेवले तर कार्बोरेटरमधील पडदे खराब होतात. तेव्हा कोणी म्हणाले की मशीन सुरूच होत नाही, तर आधी विचारा, "ठेवताना टाकी रिकामी केली होती का?" दोष मशीनचा की ठेवण्याचा, हे तिथेच कळेल.

दुसरी, सुटे भाग व मेकॅनिक. साखळी, पट्टी, प्लग, एअर फिल्टर, दोरी आणि तिची स्प्रिंग या वस्तू लागणारच. मनोरीच्या माणसाला मशीन घेऊन तरीने मार्वेला उतरायचे आणि पुढे मालाडला जायचे, म्हणजे एका स्प्रिंगसाठी अर्धा दिवस मोडतो. तुमच्या बाजाराच्या गावी काय मिळते ते पाहा. "भाग मिळतात का?" असे विचारू नका. "शेवटचा भाग कुठे मिळाला आणि किती दिवसांत?" असे विचारा.

तिसरी, कापणे, धार आणि तेल. पूर्वीच्या साखळीचे दाते हातकरवतीसारखे नुसते ओरबाडत. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये ज्यो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. तिचे वाकडे जबडे उजवीकडे-डावीकडे चालत आणि लाकूड सपासप निघे. त्यावरून त्याने एकाआड एक उजवे-डावे वळलेले दाते असलेली साखळी बनवली, आणि आजही साखळी त्याच धर्तीची आहे. माडावरच्या भुंग्याने आपले नुकसान फार केले, पण त्याच्या एका दूरच्या भाईबंदाने एवढे शिकवले हेही खरे. तर दाते धारदार असले की लाकडाच्या ढलप्या पडतात, बोथट झाले की पिठासारखा भुसा पडतो. मत देणाऱ्याला विचारा, "एका टाकीत किती कापून होते, आणि धार किती वेळाने लावता?" दर टाकीला हलकी कानस फिरवणे ही चांगली सवय. "धार कधी लावलीच नाही, मशीन कापतच नाही" असे म्हणणाऱ्याचे मत मशीनवर धरू नका. साखळीला तेल आपोआप मिळते का, हेही विचारा. पट्टीचे टोक लाकडाला न टेकवता स्वच्छ ओंडक्यासमोर धरून मशीन क्षणभर वेगात चालवले की तेलाची रेघ उमटली पाहिजे.

चौथी, वजन आणि हादरे. १९२६ साली जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळी करवत काढली, ती उचलायला दोन माणसे लागत. आज आपल्याकडची ४५ ते ५८ सीसीची मशीने पट्टी व साखळी सोडून साधारण साडेचार ते सहा किलो भरतात. एक किलोचा फरक दुकानात कळत नाही, तासाभराने खांद्याला कळतो. हादऱ्यांमुळे वर्षानुवर्षांनी बोटांतले रक्त कमी होऊन बोटे पांढरी पडण्याचा विकार होतो, म्हणून मुठी रबराच्या किंवा स्प्रिंगच्या आधारावर आहेत का ते पाहा. लांब पट्टी म्हणजे मोठे मशीन असा गैरसमज आहे. वाडीच्या कामाला १६ ते १८ इंचांची पट्टी बहुधा पुरते. लहान इंजिनाला २२ इंचांची पट्टी लावली तर इंजिन रडते.

पाचवी, पेट्रोल. ही दोन-स्ट्रोक इंजिने आहेत, यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच द्यावे लागते. प्रमाण ज्या-त्या पुस्तिकेत दिलेले असते. ५० ला १ म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर, २५ ला १ म्हणजे ४० मिलिलिटर. "इंजिन जाम झाले" अशी तक्रार ऐकली तर आधी मिश्रण कोणी आणि कसे केले ते विचारा. अंदाजाने ओतणाऱ्याचे इंजिन जाम झाले तर तो मशीनचा गुण-अवगुण नव्हे.

सहावी, किंमत. ती शेवटी विचारा. आधी विचारली की बाकी सगळ्या उत्तरांना तिचा रंग चढतो.

गुणपत्रिका अशी मांडा

या सहा कसोट्यांना तुमच्या घरच्या गरजेप्रमाणे वजन द्या, एकूण १००. मनोरीच्या ताईंसाठी मी असे सुचवेन: सुरू होणे २०, सुटे भाग २५, कापणे-धार-तेल २०, वजन-हादरे २०, पेट्रोल ५, किंमत १०. रोज कंत्राटावर कापणाऱ्याने पेट्रोलचे वजन वाढवावे, कारण त्याची टाकी दिवसातून अनेकदा भरते.

समजा, अ आणि ब अशी दोन मशीने आहेत आणि पाच जणांना विचारून प्रत्येक कसोटीला दहापैकी गुण आले. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

मशीन अ: सुरू होणे ६, सुटे भाग ३, कापणे ७, वजन ६, पेट्रोल ९, किंमत ९. नुसती बेरीज ४०.

मशीन ब: सुरू होणे ७, सुटे भाग ८, कापणे ७, वजन ७, पेट्रोल ५, किंमत ५. नुसती बेरीज ३९.

नुसत्या बेरजेने अ वरचढ ठरते. आता वजन लावून पाहा. अ ला मिळतात १२, साडेसात, १४, १२, साडेचार आणि ९, म्हणजे १०० पैकी ५९. ब ला मिळतात १४, २०, १४, १४, अडीच आणि ५, म्हणजे साडेएकोणसत्तर. खाडीपलीकडच्या घराला ब हवे. हेच अ मशीन दुकानाशेजारी राहणाऱ्याला कदाचित चालून जाईल.

एक पथ्य पाळा. वजने वहीत लिहून ठेवा आणि मगच विचारायला निघा. ऐकून झाल्यावर वजने ठरवली, तर मनाने आधीच निवडलेल्या मशीनला ती झुकतात, आणि मग गुणपत्रिकेचा उपयोग काय?

फोनवरचे तारे

आता मुले फोनवर तारे दाखवतात. पाचापैकी साडेचार तारे! पण वाचून पाहा. "वेळेवर आले, पॅकिंग छान" म्हणून पाच तारे दिले असतील तर ते आणून देणाऱ्याचे गुण झाले, मशीनचे नव्हेत. आलेल्या दिवशीच लिहिलेले मत बाजूला ठेवा. तीन तारे देणारा बहुधा बरे-वाईट दोन्ही सांगतो, त्याचे आधी वाचा. मग एक तारेवाल्यांचे वाचा, आणि एकच तक्रार अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत केली असेल तर ती खरी माना. उलट वेगवेगळ्या नावांनी एकाच साच्यातली स्तुती दिसली तर सावध व्हा. अशी मते गोळा कशी करावी व प्रसिद्ध कशी करावी याचे आय. एस. १९००० हे मानक भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली काढले आहे, म्हणजे खोट्या मतांचा उपद्रव सरकारलाही जाणवला आहे. पण चाळणी शेवटी आपल्याच हाती हवी.

घ्यायलाच हवे का?

हाही प्रश्न चौघांना विचारा. वर्षात कटर किती दिवस चालवणार ते मोजा. पाच दिवस चालले तर आठ वर्षांत चाळीस दिवस होतात. मशीनची किंमत अधिक साखळ्या, दुरुस्ती आणि टोप-चष्म्याचा खर्च, याला चाळिसांनी भागा आणि भाड्याच्या दराशी ताडून पाहा. जवळच्या चार-पाच वाड्यांनी मिळून एक घेणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. मात्र चालवणारा एकच ठरवा आणि ठेवायची जबाबदारी एकाच घराकडे द्या. सगळ्यांचे ते कोणाचेच नाही, असे व्हायला नको. विजेवर चालणारे मशीन स्वस्त व हलके मिळते, पण वादळानंतर वीजच नसते हे विसरू नका.

कापण्याआधी

मनोरी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तिथे १९७५ चा शहरी भागातील झाडांच्या जतनाचा कायदा लागतो आणि खासगी जागेतील झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. धोकादायक झाड असेल तर आधी पालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. ग्रामीण भागात आंबा, फणस, जांभूळ, चिंच अशा अनुसूचित झाडांसाठी १९६४ चा कायदा आहे. खाडीकाठच्या तिवरांना तर हातच लावायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये त्यांच्या तोडीला मनाई केली आहे.

चालवणाऱ्याने टोप, डोळ्यांना जाळी किंवा चष्मा, कानांना झाकण, पक्के बूट आणि अंगाबरोबरचे कपडे घालावे. साडीचा पदर, लुंगी, गळ्यातला रुमाल साखळीजवळ नको. शिडीवर चढून कटर चालवू नये, खांद्याच्या वर उचलू नये, एकट्याने वाडीत जाऊ नये. वादळाने वाकून अडकलेले खोड धनुष्यासारखे ताणलेले असते. चुकीच्या बाजूने कापले तर ते फटकन सुटून जीव घेते. असे खोड आणि तारांवर पडलेले झाड जाणत्या माणसालाच द्यावे. गोठ्यावर पडलेला माडही यातलाच समजा.

तुमचेही मत कोणीतरी विचारणार आहे

मशीन घेतलेत की एक वही घाला. तारीख, काय कापले, किती टाक्या लागल्या, काय मोडले, भाग कुठे आणि कितीला मिळाला, एवढे लिहीत चला. पुढच्या वादळानंतर शेजारचा माणूस तुमच्याकडे येईल आणि विचारील, "कसे आहे हो तुमचे मशीन?" तेव्हा नुसते "झकास" किंवा "बेकार" असे सांगू नका. आपले पैसे अडकले म्हणून दोष झाकू नका आणि एकदा बिघडले म्हणून शिव्याही घालू नका. वही त्याच्यापुढे ठेवा. तुमच्या एका खऱ्या शब्दाने त्याचे हजारो रुपये वाचतील, आणि ब्रेकबद्दलच्या खऱ्या शब्दाने कदाचित त्याच्या घरचा माणूस वाचेल.

मनोरीच्या ताईंनी आपली गुणपत्रिका भरून आमच्याकडे जरूर पाठवावी. इतर वाचकांनीही पाठवावी. मात्र किती दिवस वापरले आणि काय कापले, हे पहिल्या ओळीत लिहायला विसरू नये.